उभी राहिली की बंद पडणारी गाडी, आणि घरचाच मेकॅनिक

प्रश्न:

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून एका शेतकरी भावाचं पत्र आहे. नाव-गाव नको म्हणाले म्हणून देत नाही. कापसाचे पैसे आले तेव्हा त्यांनी सेकंडहँड छोटी पेट्रोल गाडी घेतली, २०१२ चं मॉडेल, कारण वडिलांना दर महिन्याला वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागतं. हायवेला गाडी मस्त पळते. पण उन्हाळा लागल्यापासून टोलनाक्यावर किंवा चौकात उभी राहिली, त्यातही एसी चालू असला, की इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. गावातच चुलतभावाचं गॅरेज आहे. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केली, इंजेक्टर साफ करून आणले, आणि शेवटी "दादा, इस्क्रू फिरवून देतो, मंग नाही पडत बंद" म्हणून रेस वाढवून दिली. तेव्हापासून रेसचा (आरपीएमचा) काटा एकदा पंधराशेवर जातो, एकदा सातशेवर येतो, आणि एसी लावला की गाडी अजूनही कधीकधी बंद पडतेच. "चेक लाईट तं लागतच नाही," असंही लिहिलंय. आतापर्यंत नऊ हजार गेले. मग भावाला न सांगता तालुक्याला नेली, तिथं सांगितलं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, अठरा हजार लागतील. मेव्हणा म्हणतो विकून टाका. चुलतभावाला कळलं, तो फुगून बसलाय. घरचे गाडीत बसायला घाबरतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "पहिल्या मालकाने गॅस किट काढून घेतली होती म्हणून गाडी थोडी स्वस्तात भेटली." आणि प्रश्न असा की ईसीएम टाकू का गाडी विकू, आणि भावाने मला फसवलं का?

उत्तर:

भाऊ, शेवटची ती गॅस किटवाली ओळ तुम्ही सहज टाकून दिली, पण मी तिथंच थांबलो. चुलतभावाला हे सांगितलं होतं का? आणि तालुक्याच्या गॅरेजवाल्याला? मला वाटते दोघांनाही नाही सांगितलं, कारण तुमच्यासाठी ती किमतीची गोष्ट होती, इंजिनची नव्हती. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या.

तुमच्या पत्रात प्लग, फिल्टर, इंजेक्टर आणि आता ईसीएम अशी पार्टची यादी आहे, पण कुणी काही मोजलं, तपासलं, असं एकदाही आलेलं नाही. चार गोष्टी झाल्या, त्यातली प्रत्येक "हे असू शकते" म्हणून झाली. आणि त्यात भावाचीच चूक आहे असंही नाही, गिऱ्हाईक गाडी सोडून जाते आणि संध्याकाळी विचारते "काय टाकलं?" कोणी "काय तपासलं?" असं विचारतच नाही, आणि तपासायचे पैसे द्यायलाही कोणी तयार नसते. पार्टचे पैसे आपण निमूट देतो पण तासभर डोकं लावल्याचे दोनशे मागितले की आपल्याला लूट वाटते. मग मेकॅनिक काय करणार, पार्ट टाकणार.

आता आयडलिंग म्हणजे काय होऊन राहिलं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमचा पाय ॲक्सिलेटरवर नसतो तेव्हा थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असते. इंजिनला हवा मिळते ती बाजूच्या एका बारीक वाटेने, आणि ती वाट किती उघडायची हे आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह नावाची छोटी मोटर ठरवते, ईसीएमच्या हुकुमाने. गरम इंजिनचा काटा साधारण सातशे ते नऊशेच्या मधात स्थिर राहायला पाहिजे, एसी लावला की थोडा वर. सकाळी थंड असताना बाराशे-पंधराशे दाखवलं आणि दोनचार मिनिटांत खाली आलं तर तो बिघाड नव्हे, गाडी तशीच बनवलेली असते. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, त्या हिशोबाने ईसीएम पेट्रोल सोडतो. आता या बंद पाकळीच्या पुढे कुठं चोरून हवा घुसली तर? हायवेला पाकळी उघडी असते, भरभरून हवा जाते, त्यात चिमूटभर चोरटी हवा आली तरी कळत नाही. आयडलला मात्र मुळात हवाच थोडी, त्यात ती चिमूट लय मोठी होते. पाच एचपीच्या मोटरीच्या मेन लाईनला सुईएवढं भोक पडलं तर वावराला फरक पडत नाही, पण तेच ड्रिपच्या शेवटच्या नळीला पडलं तर टोकाचं झाड वाळते, तसंच. म्हणून "हायवेला मस्त, उभी राहिली की मरते" हे वाक्य ऐकलं की माझं पहिलं लक्ष हवेच्या गळतीकडे जाते, ईसीएमकडे सगळ्यात शेवटी.

आणि इथंच तुमची गॅस किट येते. एलपीजी किट बसवताना इंजिनला काय काय करतात बघा. सिक्वेन्शियल किट असेल तर इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांना, प्रत्येक सिलिंडरसाठी एक भोक पाडून तिथं गॅसचा नोझल बसवतात. गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेड्युसरसाठी व्हॅक्यूमच्या नळीत टी जॉइंट घालतात. आणि पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवायला त्यांच्या वायरी कापून मधात एम्युलेटर जोडतात. किट काढली की नोझल निघते, भोक राहते. चांगला माणूस तिथं नीट बोल्ट आणि वॉशर लावते, घाईतला माणूस एम-सील थापते किंवा रबराची टोपी घालून वर टाय मारते. कापलेल्या वायरी पीळ देऊन टेपने गुंडाळतात. हे सगळं हिवाळ्यात धकून जाते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पार जातो, बोनेटखाली तर विचारूच नका, तिथं रबर कडक होऊन तडकते, टेपचा गोंद वितळतो. तुमची तक्रार उन्हाळा लागल्यावरच सुरू झाली, हे तुम्हीच लिहिलंय.

मी शंभर टक्के तेच आहे म्हणत नाही, गाडी मी पाहिली नाही. पण बघायला पैसे लागत नाहीत आणि अठरा हजारांच्या आधी बघायची जागा ती आहे. इंजेक्टर जिथं बसतात त्याच्या जवळपास मॅनिफोल्डवर कंपनीचे वाटत नाहीत असे बोल्ट, थापलेलं काही, टोपी, बंद केलेली नळी दिसते का ते टॉर्च मारून बघा. एकाच सिलिंडरच्या वाटेवरची टोपी तडकली असेल तर बाकीचे सिलिंडर ठीक चालतात आणि त्या एकाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते, तो आयडलला मिस मारतो, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, इंजिन थरथरते, आणि एसीचा भार आला की बसते. तुमच्या पहिल्या लक्षणाशी हे जुळते.

दुसरं लक्षण, म्हणजे काटा वरखाली होणं, हे स्क्रू फिरवल्यानंतर आलं. तुमच्या पत्रात हा क्रम स्पष्ट आहे म्हणून बरं झालं, नाहीतर मीही दोन्ही एकच समजलो असतो. तो स्क्रू फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेस वाढवायसाठी नसतोच, पाकळी पूर्ण बंद होऊन घासू नये म्हणून कारखान्यातच एका जागी ठरवून दिलेला असतो, कितीकदा त्यावर पेंटचा ठिपकाही असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत, मोटरसायकलीत स्क्रू फिरवून रेस सेट करतात, तुमच्या भावाचा हात तिथंच बसलेला असेल. इथं स्क्रू आत गेला की पाकळी उघडी राहते, हवा जास्त जाते, रेस चढते, ईसीएम आपली बारीक वाट बंद करत करत शेवटाला येतो आणि त्याच्या हातात काही उरत नाही. बऱ्याच गाड्यांत पाय नसताना रेस ठराविक आकड्याच्या वर गेली की ईसीएम पेट्रोलच तोडतो, काटा धाडकन खाली येतो, मग पुन्हा पेट्रोल सोडतो, पुन्हा वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटते कॉम्प्युटर वेडा झाला, पण तो त्याचं काम बरोबर करत असते. काही गाड्यांत उलटं होते, ईसीएमला वाटते ड्रायव्हरचा पाय पॅडलवर आहे आणि तो आयडल सांभाळायचंच सोडून देतो. तेव्हा पहिलं काम, स्क्रू होता तिथं परत न्या. किती आटे फिरवला ते भावालाच आठवत असेल. गाडी पुन्हा आधीसारखी बंद पडेल, पडू द्या, निदान खरा आजार उघडा दिसेल. हे काम आणि पुढची सगळी तपासणी अंगणात, उघड्यावर करा, शेडमध्ये दार लावून इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस जातो.

गळती शोधायला महागडं मशीन नसलं तरी चालते. घरी ड्रिपच्या नळीचा मीटरभर तुकडा असेलच. इंजिन चालू, एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या सांध्यावर, प्रत्येक रबरी नळीवर, त्या बोल्टांवर हळूहळू फिरवा. गळती असेल तिथं सूं सूं असा बारीक आवाज कानात घुसतो. बेल्ट आणि फॅनपासून हात, उपरणं, बाह्या दूर ठेवा, फॅन कधीही आपोआप सुरू होते. आवाज सापडला तर तिथं फवाऱ्याच्या बाटलीने साबणाचं पाणी थोडंसं मारा, वायरींच्या सॉकेटवर नाही. क्षणभर इंजिनचा आवाज बदलला की जागा पक्की. कितीतरी व्हिडिओत कार्ब क्लीनर मारून दाखवतात, ते करू नका, तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूवर पडलं तर भडका उडते. अगरबत्तीचा धूर दाखवून शोधणारेही लोक आहेत, पेट्रोलच्या नळीजवळ अगरबत्ती, आता काय बोलावं.

ब्रेकची एक मोठी रबरी नळी मॅनिफोल्डवरून ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला, जाते, ती वेगळी तपासा, कारण तिथं गळती असली तर आयडलपेक्षा ब्रेकचं भय मोठं. इंजिन बंद करून ब्रेक चारपाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. पाय दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं, किंवा उभ्या गाडीत ब्रेक दाबला की रेस बदलते आणि फुस्स आवाज येतो, तर बूस्टर नाहीतर त्याची नळी गेली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. घरचे घाबरतात ते उगाच नाही घाबरत. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत एकदोन दाबण्यापुरतीच उरते, नंतर पॅडल दगडासारखं होते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. मागून ट्रक असताना हे काही नुसत्या गैरसोयीत मोडत नाही.

मग वायरी. एम्युलेटर काढलेली जागा इंजेक्टरच्या वायरींवर टेप गुंडाळलेली दिसेल. इंजिन चालू ठेवून तो टेपवाला भाग हलकेच हलवा, थरथर कमी-जास्त झाली तर सांधा सैल आहे, तिथं नीट सोल्डर करून स्लीव्ह घाला. आणि उंदीर विसरू नका. ज्याच्या घरी कापूस, तूर, सोयाबीनची पोती आहेत आणि बाजूलाच गाडी उभी असते त्याच्याकडे उंदीर वायरी कुरतडणारच, एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं करतात तेही पाहिलंय. फिल्टर नवीन आहे म्हणून डबा उघडून बघायचं कोणी सोडते, तुम्ही सोडू नका. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा उडते त्यात तर फिल्टर महिन्यात काळा होते.

प्लग नवीन टाकलेत, चांगलं. पण आता ते पुन्हा काढून बघा, टाकायला नव्हे, वाचायला. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त, तेलकट ओलं असेल तर इंजिन आतून ऑइल खाते. सगळे सारखे आहेत आणि एकच पांढरा आहे, तर ज्या सिलिंडरचा तो आहे त्याच्याच वाटेवरची टोपी, बोल्ट, गॅस्केट आधी बघायचं. फुकटात एवढी माहिती दुसरीकडे नाही मिळत. गॅप साधारण एक मिलीमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात.

चालू गाडीत कॉइल किंवा प्लगची वायर उपटून "हा सिलिंडर मेला का" बघायची आपल्या गॅरेजांत सवय आहे, ती नको. झटका बसतो आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होते. त्याऐवजी एकएक इंजेक्टरचा सॉकेट काढून बघावं, ज्याचा काढल्यावर रेस पडतच नाही तो आधीपासूनच काम करत नाही. हवा, करंट, पेट्रोल सगळं ठीक असून तोच सिलिंडर मेलेला राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, मग गोष्ट व्हॉल्व्हची किंवा रिंगांची.

आता ईसीएम. भाऊ, तालुक्याच्या माणसाने "गेला" म्हटलं ते कशावरून? ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला होता का? कोणता कोड आला? पत्रात काहीच नाही. "चेक लाईट तं लागतच नाही" असं तुम्ही लिहिलंय आणि त्यावरून सेन्सर ठीक आहेत असं धरून चाललात. किल्ली ऑनवर फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, तो इंजिनचा पिवळा दिवा लागतो का बघा. लागायलाच पाहिजे, आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. ऑनवरही लागत नसेल तर दिवाच मेलाय, किंवा विकायच्या आधी कोणीतरी तो मारून ठेवलाय. सेकंडहँडच्या बाजारात हे होते.

आपल्या देशात भारत स्टेज चारच्या (धुराच्या नियमांचा एक टप्पा) गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची सोय, २०१० पासून लागलं आणि २०१३ पासून त्याचा दुसरा, जास्त बारकाईचा टप्पा आला. तुमची २०१२ ची आहे, मधातली, म्हणजे साध्या ब्लूटूथच्या डिव्हाइसवर, जे हजाराच्या आतबाहेर मिळते, सगळं दिसेलच याची खात्री नाही. पण यवतमाळला चांगल्या स्कॅनरवाल्याकडे दिसायला हरकत नाही. तिथं नुसतं "कोड काढा" म्हणू नका, गरम इंजिन, आयडलला, एसी बंद असताना लाईव्ह डेटा दाखवा म्हणा आणि मोबाईलवर फोटो घ्या. मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे मॅप, निरोगी इंजिनला साधारण तीस ते चाळीस किलोपास्कल असते, पन्नासच्या वर असेल तर गळतीची किंवा कमजोर सिलिंडरची शंका. कूलंटचं तापमान ऐंशी-नव्वदच्या आसपास पाहिजे, इंजिन तापलेलं असून तिथं तीस-चाळीस दाखवत असेल तर तापमानाचा सेन्सर खोटं बोलतो आणि ईसीएम थंड इंजिन समजून पेट्रोल ओततो. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती कमीजास्त करून राहिला ते, दहा टक्क्यांच्या आत, वजा-अधिक कसंही, तर ठीक. पी०३०१ सारखा कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर, तो मिस मारतो. पी०५०५, पी०५०६, पी०५०७ हे आयडलचे, पी०१७१ म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. एवढे आकडे हातात असले की कोणी तुम्हाला उगाच काही सांगणार नाही, कारण सांगणाऱ्यालाही कळते हा माणूस मोजून आलाय.

ईसीएम जात नाही असं नाही, पाणी शिरलं, वेल्डिंग करताना बॅटरी काढली नाही, अर्थची वायर गंजली, तर जाते. पण तो गेला तर बहुतेकदा गाडी सुरूच होत नाही, नाहीतर स्कॅनरच त्याच्याशी बोलू शकत नाही. हायवेला मस्त पळणारी गाडी फक्त उभी राहिल्यावर मरते म्हणून ईसीएम, हे मला पटत नाही. शिवाय इमोबिलायझर, म्हणजे दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू न होऊ देणारी सोय, असेल तर जुन्या बाजारातला ईसीएम आणून नुसता जोडता येत नाही, किल्लीशी जुळवून घ्यावा लागते, तो खर्च अठरा हजारांत धरलाय का तेही विचारा. आणि त्याआधी बॅटरी बघा, बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५, ते कमी असेल तर सगळेच सेन्सर भलतंसलतं सांगतात. मल्टिमीटर तुमच्या भावाकडे असेलच.

इथेनॉलचं तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो कारण हल्ली दर दुसऱ्या पत्रात तेच असते. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती, ॲव्हरेज थोडं पडेल, जुने रबर लवकर खराब होऊ शकते, टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल त्या पाण्याला धरून खाली बसते आणि गाडी खोकायला लागते. पण फक्त एसीवर, फक्त उभी असताना बंद पडणं याचं खापर एकट्या इथेनॉलवर फोडता येत नाही. बाटलीतलं पेट्रोल मात्र बंद करा, किराणा दुकानातल्या त्या बाटलीत काय काय मिसळलंय देव जाणे.

दुसऱ्या वाचकांसाठी थोडं. काटा एकदम स्थिर आहे पण डॅशबोर्ड आणि काचा थरथरतात, तर इंजिन ठीक आहे, रबरी माउंटिंग बसल्या. फक्त सकाळी थंडीत बंद पडते आणि गरम झाल्यावर ठीक, तर तापमान सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्ह आधी बघा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर रेस चढली तर घाबरू नका, आधीची घाण धरून ईसीएमने हिशोब बसवलेला असतो, तो नव्याने शिकायला थोडी गाडी चालवावी लागते, कधी स्कॅनरने रिसेट करावं लागते. केबल नसलेला, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन असताना पाकळीत बोट घालू नका. आणि डिझेल जीपवाल्यांनी यातलं अर्धं सोडून द्यावं, तुमच्याकडे आधी फिल्टरमधलं पाणी, लाईनमधली हवा आणि काजळीने उघडा अडकलेला ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

आता भाऊ, माणसाची गोष्ट. फसवलं का, असं तुम्ही विचारलं. जो फसवते तो थ्रॉटल बॉडी दोनदा साफ करत बसत नाही, तो पहिल्याच दिवशी मोठा पार्ट सांगतो. तुमच्या भावाला अर्धी माहिती होती, कारण गॅस किटचं तुम्ही सांगितलं नाही, आणि अर्धं त्याने त्याच्या सवयीने केलं. तो कशावर शिकला ते मला माहीत नाही, पण आपल्या गावातले बरेच पोट्टे ट्रॅक्टर आणि जुन्या जीपांवर शिकले, स्कॅनर घ्यायला पैसे कुठून आणतील. तुम्हाला राग येणं चूक नाही, नऊ हजार म्हणजे क्विंटलभर तरी कापूस जातो. पण नेमका राग कशाचा, पैशाचा, का घरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही याचा? मला वाटते दुसऱ्याचाच जास्त आहे.

त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि सरळ सांगा की किट काढलेली गाडी आहे हे मी बोललो नव्हतो, चल दोघं मिळून बघू. ड्रिपची नळी त्याच्याच कानाला लावू द्या. यवतमाळला स्कॅन करायला जाल तेव्हा त्यालाच गाडी चालवायला न्या, गॅरेजवाल्याशी त्यालाच बोलू द्या. मेकॅनिकला मेकॅनिकसमोर मान मिळाला की फुगणं उतरते, आणि लाईव्ह डेटा कसा वाचतात तेही तो शिकून येईल, पुढच्या गिऱ्हाइकाचं भलं. फक्त पैशाचं आधी ठरवा: यापुढे तपासायचे पैसे वेगळे देईन, पार्ट टाकायच्या आधी का टाकतो ते सांगायचं, आणि काढलेला जुना पार्ट मला द्यायचा. नात्यात हे बोलायला जड जाते, पण नंतर न बोलता राहण्यापेक्षा बरं.

तो नाहीच आला तर? मग तुम्ही एकटे जा, पण सांगून जा. लपून गेलात म्हणून तो दुखावला, दुसरीकडे नेली म्हणून नव्हे, असा माझा अंदाज.

विकायचं म्हणाल तर मेव्हण्याचं अगदीच चूक नाही. स्कॅन झालं, गळती नाही, आणि कॉम्प्रेशन खाली निघालं, म्हणजे इंजिनच खोलायची वेळ आली, तर २०१२ च्या जुन्या गाडीत एवढा पैसा घालण्यापेक्षा विकलेली परवडेल, घेणाऱ्याला दोष सांगून. पण आज या अवस्थेत विकाल तर घेणारा उभ्या गाडीची थरथर बघूनच भाव पाडेल, आणि कदाचित शेदोनशेच्या टोपीपायी तुम्ही दहावीस हजार सोडून द्याल. आणि एक कागद बघा, आरसीवर इंधन काय लिहिलंय. पेट्रोल आणि एलपीजी असं असेल आणि किट गाडीत नसेल तर आरटीओत ते बदलून घ्यावं लागते, विकताना आणि इन्शुरन्सच्या वेळी तिथं अडते.

या सगळ्याला आठवडा-पंधरा दिवस लागतील. मधातच सावंगीची तारीख आली तर त्या दिवशी भाड्याची गाडी करा. यवतमाळ, कळंब, देवळी असा तो लांब हायवे आहे, आजारी माणूस घेऊन मधातच गाडी बंद पडायला नको. गावातल्या गावात चालवाल तर एसी बंद ठेवा. आणि कधी बंद पडली, गरम होती का थंड, एसी होता का, ब्रेक दाबला होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, हे मोबाईलमध्ये तिथल्या तिथं लिहीत जा, यवतमाळच्या माणसाला पहिलं तेच दाखवा. स्कॅनरचे फोटो आले की मलाही पाठवा, पण त्यासोबत बोनेट उघडून मॅनिफोल्डचा एक फोटो हवाच, त्या टोप्या मला बघायच्या आहेत.